संपतच्या टेम्पोत कुणी बसू नका

भिमाजीला एका जागी बसणं म्हणून कधी जमलंच नाही. जेवायला बसला तरी मांडी हलत असायची. देवळात भजनाला बसला की दोन अभंग होईस्तोवर तो चपला शोधायला लागायचा. त्याची बायको चंद्रभागा म्हणायची, "ह्यांना झोपेत बी कुठंतरी जायचं असतंय."

खोडदच्या अलीकडे, ओढ्याला लागून त्याचं थोडकं रान होतं. कांदा, बाजरी, दाराशी एक म्हैस. पण जुन्नर-आंबेगावात त्याला ओळखत ते शेतकरी म्हणून नाही, तर आवाजासाठी. चैत्रात गावोगावच्या यात्रा लागल्या, बैलगाडा शर्यतींचे चढणीचे घाट सजले, की माईक भिमाजीच्या हातात. बैल घाटाच्या तळाशी सुटले की तो बोलायला लागे, आणि गाडा चढ चढून वर येईपर्यंत त्याचा श्वास तुटत नसे. घाटाच्या कडेला बसलेल्या माणसाला गाडा दिसायच्या आधी भिमाजीच्या तोंडून ऐकू यायचा. "सुटला सुटला सुटला... डावा बैल पुढं, घोडी लांबली, अरे हात सोडा, हात सोडा, आला आला आला..." त्याच्या अंगातली सगळी चुळबूळ तिथं कामाला यायची.

स्पीकरचे कर्णे जुन्नरच्या पीरमहंमदचे. भिमाजी बोलताना स्टेजवर इतक्या येरझाऱ्या घाली की वायर उपटून यायची. शेवटी पीरमहंमद ती खांबाला सुतळीनं बांधून ठेवायला लागला. "तुझ्यापरीस बैल बरे रे," तो म्हणायचा, "निदान दावणीला तरी ऱ्हातेत."

संपत त्याचा शेजारी आणि लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांच्या रानांत फक्त एक बांध. एकाच विहिरीत पोहायला शिकले, एकाच वर्षी शाळा सोडली. पुढं संपतनं जुना टेम्पो घेतला आणि नारायणगावच्या मार्केटला कांदा-टोमॅटो वाहायला लागला. संपत अंगानं थोराड, बोलायला कमी, पण बैलांचा लई नादी. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस विसरेल, पण बैलांचा खुराक विसरणार नाही. तो रोजचा पिणारा नव्हता. मात्र यात्रेच्या दिवशी बाटली फिरली की त्याचा हात धरणारं कुणी नसे.

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवच्या चैत्रातली. नारायणगावच्या पश्चिमेला, मीना नदीच्या काठच्या एका गावात यात्रा होती. संपतची जोडी आणि दुसऱ्या दोन गड्यांची बैलं-घोडी मिळून एक गाडा जुंपला होता. दुपारच्या उन्हात फायनल झाली आणि संपतच्या गाड्यानं घाट मारला. भिमाजीचा आवाज बसायची वेळ आली होती. आपल्या वस्तीची जोडी म्हटल्यावर तो जरा जास्तच बोलला. लोकांनी संपतला खांद्यावर घेतलं, भंडारा उधळला. पिवळ्याजर्द अंगानं संपत स्टेजपाशी आला आणि खालूनच भिमाजीचे पाय धरून म्हणाला, "भिमा, आज मी राजा हाय!"

तो राजा मग आंब्याखाली बसला, आणि पुढचा तासभर जो येईल तो त्याच्या हातात ग्लास देत गेला.

भिमाजी बक्षिसांची नावं पुकारत होता, पण नजर आंब्याकडं जात होती. कार्यक्रम आटोपला तेव्हा ऊन अजून कडक होतं. लोक पांगायला लागले. खोडदच्या बाजूची माणसं संपतच्याच टेम्पोतून आली होती, तशी ती परत टेम्पोत चढायला लागली. वस्तीवरचे म्हातारे, यात्रेत बांगड्या भरून घेतलेल्या बाया, आणि संपतची आई धोंडाबाई. सगळी पुढं सरकून बसली की मागच्या बाजूला बैल घ्यायचे, असं ठरलेलं. बैल बाभळीखाली बांधलेले होते.

संपत टेम्पोकडं आला. दार उघडायला हात घातला तो दाराच्या कडीला लागेचना. पत्र्यावरूनच फिरत राहिला. मग त्यानं टेम्पोला डोकं टेकलं आणि तसाच उभा राहिला, जसा काही टेम्पोशी कानगोष्ट करतोय.

भिमाजी धावतच गेला. "संपत, चावी दे."

"का?"

"बहिरूला देऊ चालवायला."

"बहिरू ट्रॅक्टरवाला. माझ्या गाडीला दुसऱ्याचा हात नाय लागायचा." संपतनं त्याच्या गळ्यात हात टाकला. दारूचा भपकारा आला. "तू काळजी नको करू राव. ही गाडी आपली आपण घरी जाती."

वस्तीवरचा बहिरू तिथंच होता. त्याच्याही डोळ्यांत लाली होती. तो नुसता हसला.

भिमाजी मग यात्रा कमिटीच्या गेणभाऊंकडं गेला. गेणभाऊ मंडपात पान लावत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो भिमाजी, गडी जिंकलाय. आजच्या दिवशी कोण शुद्धीत असतंय? हळू जाईल तो. रोजचा रस्ता हाय त्याचा."

"मधी हायवे हाय गेणभाऊ."

"मग तो काय आज नवा झालाय व्हय?"

मंडपात हशा झाला. भिमाजी बाहेर आला. टेम्पोकडं गेला, अर्ध्यातून स्टेजकडं वळला, परत टेम्पोकडं निघाला. तेवढ्यात इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. संपत आत बसला होता. मागं बाया फाळक्याला धरून गप्पा मारत होत्या. पुढं संपतची काय अवस्था आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. आता बैल चढवले की टेम्पो निघणार.

स्टेजवर पीरमहंमद वायर गुंडाळत होता. भिमाजी एका उडीत वर चढला.

"पीरभाई, चालू कर."

"आता काय पुकारायचंय? संपलं की सगळं."

"चालू कर म्हणतो ना!"

पीरमहंमदनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग टेम्पोकडं. त्याच्या ध्यानात आलं. त्यानं बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. "नाव नको घेऊस भिमाजी. दोस्त हाय तुझा. जमाना ऐकतोय."

"बरं."

कर्णे घरघरले. भिमाजी बोलला, "वाहनचालकांना विनंती हाय, दारू पिऊन कुणी गाडी चालवू नये." चालणाऱ्यांपैकी एकानंही मान वळवली नाही. दिवसभर कर्ण्यांतून इतकं काय काय आलं होतं, त्यात हे एक. बाभळीखालून दोघंजण बैल सोडून आणायला लागले.

मग भिमाजीनं नाव घेतलं.

"खोडदकर मंडळी, ऐका. मी भिमाजी बोलतोय. संपतच्या टेम्पोत कुणी बसू नका. संपत लई प्यालाय. त्याला दाराची कडी सापडत न्हवती. बायांनो, खाली उतरा. धोंडाबाई, तुमी उतरा. संपतच्या टेम्पोत कुणी बसू नका."

पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. भेळवाला हातातला चमचा तसाच धरून उभा राहिला. टेम्पोत बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीच हलेना, कारण धोंडाबाई हलली नव्हती. मुलाच्या गाडीतून आईच उतरली नाही तर बाकीच्यांनी कसं उतरायचं?

धोंडाबाई फाळक्याला धरून उभी होती. पदर तोंडाला. मग तिनं एक पाय बाहेर काढला. कुणीतरी हात दिला, तो तिनं झिडकारला आणि आपली आपण खाली उतरली. तिच्यामागं सगळा टेम्पो रिकामा झाला.

संपत बाहेर आला. इंजिन बंद करून चावी त्याच्या हातात होती. आधी त्याला काय झालं ते समजलंच नाही. मागं रिकामा हौदा बघितला, आईला बघितलं, सासुरवाडीची माणसं उभी होती त्यांना बघितलं, आणि मग त्याच्या तोंडावरचा भंडाराही काळा पडल्यागत झाला.

"चावी पायजे ना तुला?" तो ओरडला. "ही घे चावी!" आणि त्यानं ती सगळ्या ताकदीनं भिरकावली. ती स्टेजच्या वरून जाऊन पलीकडच्या उसात पडली.

थोडा वेळ पोरांनी उसात शोधाशोध केली. ऊस डोक्याच्या वर गेलेला, खाली पाचट. चावी काही सापडली नाही. दुसरी चावी घरी होती. मंडळी ज्याला जी गाडी मिळाली तिच्यात बसून गेली. धोंडाबाईला पीरमहंमदनं आपल्या मेटॅडोरमध्ये पुढं बसवलं. उरले दोन बैल, संपत आणि भिमाजी.

"माझे बैल मी नेतो. तू मर हितंच," संपत म्हणाला आणि एका बैलाची वेसण धरून रस्त्याला लागला. पाय एकीकडं, तो एकीकडं. भिमाजीनं दुसऱ्या बैलाचं दावं धरलं आणि मागनं निघाला. पूर्वी असेच बैल चालवत यात्रांना नेत, तेव्हा चालणं नवं नव्हतं. पण असं चालणं नवं होतं.

नारायणगावापर्यंत संपत शिव्या देत होता. भिमाजीच्या बापाला, आवाजाला, मेलेल्या आजोबाला. भिमाजीचं सगळं लक्ष पुढच्या हायवेवर होतं. गाव जवळ येईल तसतसं त्याला वाटायला लागलं, उलट चालावं, इथंच झाडाखाली बसवावं, काहीही करावं, पण बैल घराच्या ओढीनं चालत होते आणि संपत बैलांच्या ओढीनं.

हायवेला त्या दिवशी नाशिककडून येणाऱ्या ट्रकांची रांग होती. भिमाजी म्हणाला, "थांब. गाड्या जाऊ दे."

संपतनं वेसण सोडली. "मी थांबवतो की!" म्हणाला आणि पोलिसासारखा हात वर करून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

भिमाजीच्या हातात एका बैलाचं दावं, दुसरा बैल मोकळा. संपतकडं धावावं तर बैल रस्त्यावर येतोय. ट्रकचा हॉर्न वाजला तो वाजतच राहिला. टायर किंचाळले, जळक्या रबराचा वास आला, आणि ट्रक तिरका होऊन संपतच्या पुढ्यात थांबला. इतका जवळ, की संपतनं वर केलेला हात ट्रकच्या जाळीला टेकला. बैल बुजून मागं उसळला. दावं भिमाजीच्या तळव्यातून सरकत गेलं, कातडी सोलली, तरी त्यानं सोडलं नाही. मोकळा बैल मात्र शहाण्यासारखा रस्त्याकडंला उभा राहिला.

ड्रायव्हर खाली उतरला. संपतला मारायला हात उगारला, पण हात खाली घेतला आणि चाकापाशी बसूनच गेला. भिमाजी हात जोडत राहिला. संपत हसत होता. "बघ, थांबवला का नाय?"

रस्ता ओलांडून पुढं खोडदच्या वाटेला लागल्यावर संपतला ओकारी झाली. मग तो रडला. मग परत शिव्या. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या शेतांमधून सावकाश तोंड फिरवत होत्या, त्यांनाही त्यानं शिव्या दिल्या. वस्तीवर पोचले तेव्हा बायांनी चुली पेटवल्या होत्या. संपत अंगणात आडवा झाला. भिमाजीनं बैल बांधले, पाणी दाखवलं आणि घरी आला. चंद्रभागेनं त्याच्या तळव्याला हळद लावली. ती काही विचारील म्हणून तो वाट बघत होता. तिनं विचारलं नाही, तेव्हा तोच उठून ओट्यावर फेऱ्या मारायला लागला.

सकाळी धोंडाबाई बांधावर आली. बसली नाही.

"भिमा, खरं सांग. त्याला खरंच गाडी चालवता आली नसती?"

"नसती, मावशी."

"मग बरं केलंस." ती जायला वळली. "पण माझ्या दारात तू काही दिस येऊ नको. मला तुझा आवाज ऐकवत नाय."

हायवेवरचं तिला सांगावं असं भिमाजीच्या जिभेवर आलं होतं. पण ऐकून ती आणखी खचली असती. त्यानं ते गिळलं, आणि पुढंही कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. पोरांना खेळ सापडला होता. संपत दिसला की एखादं पोरगं तोंडाशी मूठ धरून भिमाजीच्या आवाजात ओरडे, "संपतच्या टेम्पोत कुणी बसू नका होऽऽ!" मार्केटमध्ये, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात. माल द्यायच्या आधी लोक हसत विचारायचे, "आज कोरडा हाय ना संपतराव?" काहींनी माल देणंच बंद केलं. भिमाजीनं हे कानांनी ऐकलं होतं. एकदा त्यानं एका पोराच्या थोबाडीत मारली, तर ते पोरगं म्हणालं, "तुमीच शिकवलंय की."

पुढच्या चैत्रात त्याला बोलावणीही कमी आली. घाटात कोण पीत नाही? उद्या हा आपलंही नाव घेईल, असं गाडामालकांना वाटलं. गेणभाऊ तर तोंडावर म्हणाले, "तुमचा आवाज चांगला हाय, पण तुमच्यावर भरवसा ऱ्हायला नाय." पीरमहंमद तेवढा त्याला सोडून गेला नाही. रिक्षावर कर्णे बांधून तो भिमाजीला जुन्नरच्या बाजारात नेई. पोलिओच्या डोसाची पुकार, हरवलेल्या गाईची पुकार, साड्यांच्या सेलची पुकार. भिमाजी ते करी, पण रिक्षात बसून बोलायचं म्हणजे त्याला तोंड बांधल्यासारखं वाटे.

आणि मनात एकच घरघर. तो टेम्पो निघाला असता तर काय झालं असतं? संपत म्हणाला होता तसा कदाचित सुखरूप पोचलाही असता. हळू गेला असता. ट्रक नसते आले. झालं काहीच नाही, म्हणून दाखवायलाही काही नाही. कांदा खुरपताना तो मध्येच उभा राही आणि बांधापलीकडं बघत बसे. तिकडं संपत पाठमोरा काम करत असायचा. एक बांध, पण वर्षामागून वर्षं गेली तरी दोघांपैकी कुणी तो ओलांडला नाही. धोंडाबाई गेली तेव्हा भिमाजी खांदा द्यायला पुढं झाला. संपतनं अडवलं नाही, पण बोललाही नाही.

एक मात्र भिमाजीच्या नजरेतून सुटलं नाही. संपत अजून यात्रांना जाई, पीतही असे. पण जाताना सोबत मेहुण्याला घेई, आणि येताना टेम्पो मेहुणा चालवी.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात भिमाजी आळेफाट्याला एस.टी.ची वाट बघत उभा होता. चंद्रभागेच्या बहिणीला भेटून परत निघाला होता. गाडी येईना, म्हणून स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्या चकरा चालू होत्या. समोर एक पिकअप येऊन थांबली. संपतनं नवी घेतली होती, हे त्याला माहीत होतं. काच खाली झाली.

"बस. तिकडंच चाललोय."

भिमाजी जागच्या जागी उभा राहिला. इतक्या वर्षांनी पहिला शब्द, आणि तो असा. त्याचा हात दाराकडं गेला आणि थबकला. त्याच्या नकळतच थबकला, पण संपतनं ते बघितलं. तो बाजूच्या सीटवरून पुढं वाकला, खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि भिमाजीच्या नाकासमोर मोठा श्वास सोडला.

"हुंग. हुंग की! समाधान झालं का?"

तंबाखूचा आणि मिसळीच्या कांद्याचा वास आला. भिमाजीला हसू आवरेना. तो चढून बसला.

संपतनं गाडी हायवेला घेतली. मग संपत रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू माझी इज्जत घालवली. ते मी इसरलो नाय, आन इसरणार बी नाय."

"बरं."

"पन एक इचारायचं व्हतं. मला त्या दिवसाचं काय बी आठवत नाय. माईकवरचं तेवढं आठवतंय. म्हातारी उतरली ते आठवतंय. फुडं घरी कसा आलो ते नाय. लोक म्हनले, चालत आला. हायवे कसा वलांडला आपन?"

भिमाजीनं त्याच्याकडं बघितलं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की संपतला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो रागावलाय. तो ट्रक, ते हसणं, चाकापाशी बसलेला ड्रायव्हर, हे सगळं एकट्या भिमाजीपाशीच राहिलं होतं.

त्यानं सांगितलं. माईकवर सांगायचा तसं नाही. अडखळत, मागं-पुढं करत. संपत ऐकत होता. ट्रकच्या जाळीला हात टेकला इथवर आल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि थांबवली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो बसून राहिला. मागून गाड्या भर्रकन जात होत्या, प्रत्येक गाडीसरशी पिकअप हलत होती.

"हसत व्हतो मी?" त्यानं विचारलं.

"हां."

संपतनं तोंड पुसलं. "आईला सांगितलं व्हतंस?"

"न्हाई."

"बरं केलंस."

मग त्यानं गाडी सुरू केली, आणि सुरू केली ती एकदम जोरात. पुढच्या उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक मारला. भिमाजीनं वरची दांडी पकडली.

"संपत, हळू."

"आता शुद्धीत हाय तरी सांगनार का तू?"

"सांगनार."

संपतनं वेग थोडा कमी केला, थोडाच. भिमाजी दांडी धरून समोर बघत राहिला. ब्रेक नसलेल्या बाजूला त्याचा उजवा पाय पत्र्यावर घट्ट दाबलेला होता, आणि नारायणगाव येईपर्यंत त्याला तो काढून घेता आला नाही.